वरच्या मजल्याची भाषा

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, दुचाकींचे लोखंडी भाग ठोकून काढणारा एक कारखाना आहे. तिथे रोज सकाळी साडेनऊला दहा मिनिटे यंत्रे थांबत आणि प्रेस विभागातली ऐंशी-नव्वद माणसे एका लाकडी चौथऱ्याभोवती उभी राहत. चौथऱ्यावर पुंडलिक चढे. वय चौपन्न, अंगावर राखी गणवेश, नाकावर घसरलेला चष्मा, हातात चार घड्यांचा कागद. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत अधिकाऱ्यांची बैठक नुकतीच आटोपलेली असे. त्या बैठकीत काय झाले ते पुंडलिक खालच्या माणसांना त्यांच्या बोलीत सांगे.

हे काम त्याच्या नेमणूकपत्रात नव्हते. हुद्द्याने तो टाइम ऑफिसातला कारकून. हजेरी, रजा आणि पाळ्या यांचा सांभाळ करणारा. देवगाव रंगारीहून तीस वर्षांपूर्वी तो शहरात आला, नोकरी सांभाळून मराठी घेऊन बी.ए. झाला, आणि त्या पदवीचा कारखान्यात काही उपयोग होईल ही आशा सोडून बसला. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी दारावर सूचना लागली. तिच्यात 'मॅनपॉवर ऑप्टिमायझेशन' आणि 'लीन स्ट्रक्चर' असे शब्द होते. माणसे सूचनेभोवती जमली, एकमेकांची तोंडे बघू लागली. पुंडलिक एका खोक्यावर चढला आणि म्हणाला, "अकरा जणांना उद्यापासून कामावर यायचं नाय. ते अकरा कोण, ते संध्याकाळी कळंल." पुढच्या अर्ध्या तासात वरच्या मजल्याच्या सात काचा फुटल्या आणि एका तरुण अधिकाऱ्याच्या कपाळाला चार टाके पडले. त्या वेळच्या साहेबाने चौकशी केली. पण पुंडलिकला काढले नाही. ज्याचे बोलणे माणसांपर्यंत इतके नेमके पोचते तो आपल्या बाजूला असलेला बरा, एवढे व्यवहारज्ञान त्याला होते. दुसऱ्या आठवड्यात लाकडी चौथरा आला.

तेव्हापासून पुंडलिक रोज त्या बैठकीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्यसिद्ध आहे, असे आपल्याकडच्या प्राचीन वैयाकरणांनी मानले. त्या काचेच्या खोलीत हा संबंध काडीमोडाच्या बेतात होता. 'बँडविड्थ नाही' म्हणजे सवड नाही. 'लूपमध्ये ठेवा' म्हणजे उद्या तक्रार झाली तर तुम्हालाही ठाऊक होते असे म्हणता येईल. 'ऑफलाइन बोलू' म्हणजे चारचौघांत बोलायचे नाही. शिवाय त्या भाषेला युद्धाची मोठी हौस. आकडा फोडायचा, टार्गेट मारायचे, महिनाअखेरीस त्या खोलीलाच 'वॉर रूम' म्हणायचे. साहेब ज्याच्यावर बरसला त्याची 'वाजवली', आणि काही बिघडले की पहिला प्रश्न, 'बकरा कोण?' एवढ्या रणशब्दांत वावरणाऱ्या त्या खोलीत रक्त कधी सांडले नव्हते. ते खालच्या मजल्यावर सांडे.

पुंडलिक ते सारे धुके कागदावर टिपून घेई आणि बावीस पायऱ्या उतरता उतरता त्यातून अर्थ वेगळा काढी. पाखडून धान्य निराळे करावे तसे. "साहेब म्हंतेत रॅम्प अप. म्हंजे आता दमानं नाय, पळायचं," तो सांगे. "आन् कस्टमर एस्केलेशन म्हंजे गाडीवाल्या कंपनीचा माणूस शिव्या देऊन गेला." माणसे हसत. कामाला लागत. लेखी आदेशाची वाट कोणी बघेनासे झाले. पुंडलिकचा शब्द हाच कागद, असा रिवाज त्या कारखान्यात पडून गेला, आणि या रिवाजाचा पुंडलिकला अभिमान होता. तो त्याने कधी बोलून दाखवला नाही, पण चौथऱ्यावर चढण्याआधी तो चष्मा पुसे, त्यात तो दिसे.

प्रेस विभागात दोनशे टनांचे एक यंत्र होते. वरून उतरणारा पोलादी ठोकळा खालच्या साच्यावर आदळे आणि मधल्या पत्र्याचा आकार होई. ठोकळ्याच्या पुढ्यात अदृश्य किरणांची एक जाळी असे. माणसाचा हात त्या जाळीत शिरला की यंत्र जागच्या जागी थांबे. कामगार तिला 'पडदा' म्हणत. त्या पंधरवड्यात हवेतला तेलाचा धूर पडद्याच्या काचेवर बसू लागला आणि हात नसतानाही यंत्र थांबू लागले. एकेका पाळीत साठ-सत्तर वेळा. काच नीट साफ करायची आणि किरण पुन्हा जुळवायचे, तर दोन तास यंत्र बंद ठेवावे लागणार होते.

मंगळवारच्या बैठकीत कारखान्याचे प्रमुख विश्वजीत सर यांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पेन रोखले. अडतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, हुशार, बोलण्यात सहसा आवाज न चढवणारा माणूस.

"दोनशे टनी आठ दिवस रेडमध्ये आहे. आज ईओडीला मला डॅशबोर्ड ग्रीन पाहिजे. पुंडलिकराव, कर्टनचं काहीतरी मॅनेज करा."

"मॅनेज म्हंजे, सर? यंत्र बंद ठेवून साफ करायचं का?"

"दोन तास डाउनटाइम? आज? कसं शक्य आहे."

"मग नेमकं काय सांगू खाली?"

"अहो, मॅनेज म्हणजे मॅनेज. सगळं काय भरवायचं का? फ्लोअरला अलाइन करा. नेक्स्ट पॉइंट."

पुंडलिकने कागदावर लिहिले: पडदा. बावीस पायऱ्यांवर त्याने त्या शब्दाचा अर्थ शोधला. यंत्र थांबवायचे नाही. साफ करायचे नाही. तरी ते मध्ये थांबता कामा नये. या तिन्ही अटी पाळणारा अर्थ एकच उरत होता. तो सापडला तेव्हा त्याच्या मनाला भय वाटायला हवे होते. त्याला वाटले ते समाधान; अवघड शब्दाची फोड जमल्याचे, बारा वर्षांच्या सवयीचे समाधान.

चौथऱ्यावर उभा राहून तो म्हणाला, "दोनशे टनीवरचा पडदा आजच्या दिवस बंद राहील. सत्यम, हात सांभाळून घालायचा. घाई नाय करायची, पन थांबायचंबी नाय."

"पडदा उघडला म्हंजे आता नाटक सुरू, काका," मागून कोणीतरी म्हणाले, आणि दहा-वीस जण हसले. सत्यमही हसला. बावीस वर्षांचा हा पोरगेलासा कामगार देवगाव रंगारीचाच. आशाबाईंचा धाकटा मुलगा. वर्षभरापूर्वी पुंडलिकनेच त्याला इथे चिकटवले होते.

पडदा बंद करण्याची चावी इलेक्ट्रिशियन धम्मपालच्या कमरेला साखळीने बांधलेली असे. माणूस कमी बोलणारा. हत्यारे जागच्या जागी ठेवणारा. तो चौथऱ्याजवळ आला.

"काका, लेखी द्या."

"बाबा, वरून आलंय."

"वरून आलं तर वरच्यानं सही करावी. ह्या चावीला कागद लागतो. नियमच हाय तसा."

"अरे, मी सांगतोय ना. बारा वर्षांत माझा शब्द कवा खोटा गेला का?"

"खोटा नाय गेला. पन ही गोष्ट बराबर नाय, काका."

"एका दिवसाचा प्रश्न हाय. उद्या सकाळी पुन्हा चालू करू. फिरव."

धम्मपाल क्षणभर चावीकडे बघत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग तो यंत्राकडे गेला आणि त्याने चावी फिरवली. पडद्याच्या खांबावरचा हिरवा दिवा विझला.

जवळजवळ दोन तास यंत्र न थांबता चालले. अकरा चाळीसला एक तुकडा साच्यात तिरका बसला. तो काढायला सत्यमने उजवा हात घातला, आणि त्याच वेळी ठोकळा सोडणाऱ्या खालच्या पायपट्टीवर त्याचा पाय पडला.

दोनशे टनांचा आवाज रोज कोरडा असे. तो एक आवाज ओला आला.

पुंडलिक टाइम ऑफिसातून धावला तेव्हा सत्यम उभाच होता. ओरडत नव्हता. ठोकळा तळाला जाऊन बसला होता आणि त्याचा हात मनगटापर्यंत आत होता, दारात अडकलेल्या पदरासारखा. साच्याच्या कडेवरून रक्त ओघळत नव्हते. ते दाबून, पातळ होऊन, चारी बाजूंनी पिचकाऱ्यांसारखे उडाले होते आणि समोरच्या पाट्यांवर, पत्र्यांच्या चळतीवर, सत्यमच्या स्वतःच्या तोंडावर बसले होते. पुंडलिकने त्याला मागून कवेत धरले.

"काका," सत्यम हलक्या आवाजात म्हणाला, "हात घ्या ना बाहेर."

"घेतो बाळा, घेतो."

"बोटं हालवतोय मी. हालतेत का बघा."

पुंडलिकने बघितले नाही. ठोकळा वर उचलायला यंत्राचे मोठे चक्र हाताने उलटे फिरवावे लागे. धम्मपाल आणि आणखी तिघे चक्रात खुपसलेल्या पहारीला लटकले. त्याला चार मिनिटे लागली. ठोकळा बोटभर वर आला तेव्हा पहिल्यांदा रक्त मोकळे झाले, आणि पहिल्यांदाच सत्यम ओरडला. पुंडलिकच्या कवेत ते शरीर वेटोळले, आपटले, त्याच्या हनुवटीवर डोके आदळून त्याचा ओठ फुटला. धम्मपालने स्वतःचा पट्टा काढून सत्यमच्या दंडाला आवळला, दातांनी ओढून. साच्यावर हातमोज्याचे चिंधडलेले कापड आणि त्यात जे उरले होते ते कोणीतरी पिशवीत भरले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती पिशवी उघडली आणि परत बंद केली. संध्याकाळी सत्यमचा हात मनगटाच्या वर कापला गेला.

दुपारी तीनला काचेच्या खोलीत बैठक बसली. पुंडलिकच्या शर्टावर रक्त वाळून कडक झाले होते.

"पहिले रूट कॉज क्लोज करू," विश्वजीत सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खालचा. "चावी कोणाकडे असते?"

"धम्मपालकडं, सर."

"त्याच्याकडे लेखी ऑथरायझेशन होतं?"

"नव्हतं. पन सर, सकाळी तुमी म्हणाले—"

"मी काय म्हणालो? मॅनेज करा म्हणालो. त्याचा अर्थ कोणी काय काढला, ते मला कसं माहीत असणार? मिनिट्समध्ये बघा. 'कर्टन, फॉलो-अप' एवढंच आहे." मग ते उठून पुंडलिकच्या स्टुलापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुंडलिकराव, तुमचं नाव मी कुठेच घेत नाहीये. तुम्ही या लूपमध्येच नाही. चार वर्षांवर रिटायरमेंट आलीय तुमची. ओके?"

पुंडलिकला हर्सूलचा तुरुंग आठवला. शहराच्या उत्तरेला जाताना बसच्या खिडकीतून दिसणारी ती लांब भिंत. निष्काळजीपणाने अवयव घालवला तर माणसाला तिथे जावे लागते काय, हे त्याला ठाऊक नव्हते. पण भीतीला पक्क्या माहितीची गरज पडत नाही. तो काही बोलला नाही. मौनाचे आपल्या परंपरेने फार गोडवे गायले आहेत. हे मौन त्या जातीचे नव्हते.

अहवाल तयार झाला. कारण: मानवी चूक, देखभाल विभाग. ऑपरेटरकडून असुरक्षित कृती. तो मराठीत करून सत्यमच्या नातलगांना समजावून सांगण्याचे काम पुंडलिककडे आले.

बुधवारी सकाळी दहाला कारखान्याच्या दारापाशी एक जीप थांबली. सत्यमचा थोरला भाऊ कृष्णा तीच जीप देवगाव ते कन्नड अशी चालवायचा. आज त्याच्याबरोबर गावची सहा माणसे होती. रात्रभर कोणी झोपलेले नव्हते. पुंडलिक फाटकाबाहेर गेला आणि कागद वाचू लागला. "सदर घटनेचे मूळ कारण देखभाल विभागातील मानवी चूक असून, संबंधित कर्मचाऱ्याने अनधिकृतरीत्या—"

"काका," कृष्णाने कागदावर हात ठेवला. "हे ऱ्हाऊ द्या. ह्याच्यातलं मला काय समजत नाय. तुमी आपल्या गावचे. तुमच्या तोंडानं सांगा. पडदा कुनी बंद केला?"

समोर सात चेहरे. एकाने तर पुंडलिकच्या अंगणात लहानपणी गोट्या खेळल्या होत्या. खरी वाक्ये दोन होती. त्यांतले एक पुंडलिकच्या जिभेवर आले.

"चावी धम्मपालनं फिरवली."

"कोन हा?"

"इलेक्ट्रिशियन."

"सुटतो किती वाजता?"

"तीनला," पुंडलिक म्हणाला.

हे उत्तरही नेमके होते. त्याला विचारले तेवढे त्याने सांगितले. परत फिरताना त्याला कळत होते की आपण काय केले. पण पाय टाइम ऑफिसाकडेच चालत राहिले. हजेरीच्या पुस्तकासमोर तो बसला आणि तीन वाजेपर्यंत एकही नोंद त्याच्या हातून झाली नाही. धम्मपालला एक निरोप पाठवायला दोन मिनिटे लागली असती. मागच्या फाटकाने जा, एवढेच. तो निरोप पाठवायचा म्हणजे का पाठवला ते सांगावे लागणार, आणि का ते सांगायचे म्हणजे सगळेच सांगावे लागणार. घड्याळाचा काटा त्याने पाऊण वाजताना पाहिला, दोन वाजताना पाहिला, पावणेतीनला पाहिला.

तीनला भोंगा झाला. खिडकीतून फाटक दिसत होते. धम्मपाल आपली दुचाकी ढकलत बाहेर आला. हेल्मेट आरशाला अडकवलेले. कृष्णाने त्याला नाव विचारले. धम्मपालने सांगितले. पहिला फटका जीपच्या चाकाच्या पान्याने बसला, कानाच्या मागे.

दुचाकी त्याच्या अंगावर कोसळली. तो पायाखालून ती सोडवायला वाकला तेव्हा दोघांनी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. एकाने साखळी काढली. पाठीवर साखळी पडली की शर्ट फाटे, दुसऱ्यांदा पडली की कातडे. बाहेर पडणारे कामगार थबकले. काही पुढे सरकले, काही मागे. ज्या चौकीदाराने शिटी वाजवायची तो दोन पावले मागे जाऊन भिंतीला लागला. मग त्या सात जणांतल्या एकाने धम्मपालच्या जातीचे नाव घेऊन शिवी दिली, आणि त्या शिवीसरशी मारणाऱ्यांचे हात आणखी मोकळे झाले, जणू आता त्यांना कोणाला जाब द्यायचा नव्हता. धम्मपालने दोन्ही हातांनी डोके झाकले होते. तो ओरडत नव्हता. मधूनमधून त्याच्या तोंडून एकच आवाज येई, भाता दाबल्यासारखा.

पुंडलिकने खिडकीची चौकट हाताने धरली होती. मग ती सुटली. तो कधी बाहेर आला हे त्याला पुढे कधीच नीट आठवले नाही. साखळी वर गेली होती तिच्याखाली तो शिरला आणि धम्मपालच्या अंगावर आडवा झाला. ती त्याच्या पाठीवर उतरली.

"काका, सरका," कृष्णा म्हणाला.

"थांबा. चावी त्यानं फिरवली. सांगितलं मी."

पाना कृष्णाच्या हातात तसाच राहिला. "काय म्हनले?"

"तो नाय म्हणत होता. कागद मागत होता. मी म्हणलं, माझ्या शब्दावर फिरव. काल सकाळी, चौथऱ्यावरून, समद्यांसमोर. सत्यमबी तिथंच होता."

"मग सकाळी का नाय सांगितलं?"

"भ्यालो."

कृष्णाने त्याच्याकडे पाहिले. त्या बघण्यात राग मागाहून आला. आधी आले ते आश्चर्य, गावाकडच्या एका वडीलधाऱ्या माणसाबद्दलचे. मग पाना खाली आला. पुंडलिकच्या गळपट्टीचे हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. दुसरा घाव त्याने डाव्या हातावर झेलला. तिसरा कुठे बसला ते त्याला समजले नाही. जमिनीवर पडल्यावर, एका हाताच्या अंतरावर, धम्मपालचा एक उघडा डोळा त्याला दिसला. दुसरा रक्ताने भरला होता. उघडा डोळा त्याच्याकडेच बघत होता.

पोलिसांची गाडी पंधरा मिनिटांनी आली. कृष्णा पळाला नाही.

त्या संध्याकाळी एकाच दवाखान्यात, तीन निरनिराळ्या मजल्यांवर, त्या कारखान्याची तीन माणसे निजली होती. धम्मपालच्या चार बरगड्या मोडल्या होत्या आणि डाव्या कानाने ऐकू येणे कायमचे गेले होते. त्याच्या खाटेपाशी हवालदार बसला होता; अहवालानुसार पडदा बंद करणारा तोच, म्हणून सत्यमच्या हाताबद्दलचा गुन्हा त्याच्यावर दाखल व्हायचा होता. बोलता येऊ लागले की जबाब, आणि चालता येऊ लागले की अटक.

गुरुवारी दुपारी विश्वजीत सर पुंडलिकला भेटायला आले. दार लोटून घेतले.

"काल तुम्ही शॉकमध्ये होतात. माणूस वाचवायला काहीही बोलतो. मोठं मन आहे तुमचं. आता आपण हे सगळं इंटर्नली अलाइन करू. इन्स्पेक्टर येतील, त्यांना एक कन्सिस्टंट नॅरेटिव्ह दिसला पाहिजे."

"सर, मराठीत सांगा."

"म्हणजे?"

"मी काय सांगायचं, ते मराठीत सांगा. तुमच्या तोंडानं. एकदा."

विश्वजीत सरांनी दाराकडे बघितले. खोलीत कोणी नव्हते. तरीही ते वाक्य त्यांच्या ओठांवर येईना. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. आयुष्यात त्यांना अशा वाक्याची गरजच पडली नव्हती. प्रत्येक वेळी खाली एक पुंडलिक होता, जो ते वाक्य त्यांच्यासाठी बनवून घेत असे.

"ॲडजस्ट करा हो," ते शेवटी म्हणाले. जवळजवळ विनवणीने.

"ह्याचा अर्थ आता मी काढणार नाय, सर."

शुक्रवारी सकाळी कारखाना निरीक्षक आणि त्यांच्याबरोबर एक फौजदार असे दोघे आले. पुंडलिकने आधी पाणी मागितले, मग सगळे सांगितले. मंगळवारची बैठक, सरांचे शब्द, आपण त्यांना विचारलेला प्रश्न, त्यांनी दिलेले उत्तर, पायऱ्यांवर आपण लावलेला अर्थ, चौथऱ्यावरचे वाक्य, धम्मपालने मागितलेला कागद, आपण त्याला कसे भरीला घातले ते, आणि बुधवारी सकाळी फाटकावर आपण काय बोललो नाही ते. मोडलेल्या हाडामुळे त्याला दर चार वाक्यांनी थांबावे लागत होते. निरीक्षक लिहीत गेले.

"यात तुम्ही स्वतः आरोपी ठरता, हे समजतंय ना?" फौजदारांनी विचारले.

"समजतंय."

"हर्सूल दाखवतील तुम्हाला."

"दाखवू द्या."

प्रेस विभागातल्या एकवीस जणांनी त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला. चौथऱ्यावरचे वाक्य त्यांनी ऐकले होते, आणि कागद मागणारा धम्मपालही. गुन्ह्यातून धम्मपालचे नाव निघाले. कारखान्याच्या प्रमुखाचे आणि पुंडलिकचे आत गेले. कृष्णा आणि त्याच्या सोबत्यांवर जीवघेण्या मारहाणीचा गुन्हा लागला, आणि त्या शिवीबद्दलचे कलमही. हवालदार धम्मपालच्या खाटेपासून उठला आणि पुंडलिकच्या खोलीबाहेर येऊन बसला.

रविवारी धम्मपालला भेटायची परवानगी पुंडलिकने मागितली. हवालदार बरोबर गेला. धम्मपाल ऐकू येणाऱ्या कुशीवर निजला होता. पुंडलिक आत आल्याचे त्याला पावलांवरून कळले नाही, सावलीवरून कळले; त्याने उशीवरून डोके उचलले.

"जबाब दिला मी," पुंडलिक म्हणाला.

"ऐकलं."

"मला—"

"काका, जा तुमी. बरा झालो तर बोलू. आज नको."

पुंडलिक निघाला. जिन्यापाशी आल्यावर तो हवालदाराला म्हणाला की अजून एक मजला जायचे आहे.

सत्यमला कोणीच काही नीट सांगितले नव्हते. कारखान्याने पाठवलेला कागद उशाशी होता. त्यावर 'असुरक्षित कृती' असे शब्द होते आणि तो चार दिवस तेच वाचत होता. आपण पाय चुकून टाकला, आपण हात घातला, आपणच आपला हात तोडला, असे त्याच्या मनाने घेतले होते. खाटेच्या पायथ्याशी आशाबाई बसल्या होत्या. धाकट्याचा हात गेला होता, थोरला कोठडीत होता. पुंडलिकला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. गावाकडच्या थोर माणसाला बघून घेत तसा, सवयीने.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमालाबी लई लागलं म्हनं."

पुंडलिक बसला नाही. खाटेच्या उजव्या बाजूला उभा राहून तो सत्यमशी बोलला. ज्या भाषेत तो चौथऱ्यावर बोले त्याच भाषेत, तितक्याच सोप्या शब्दांत. हात तू घातला, पण पडदा असता तर यंत्र थांबलं असतं. पडदा बंद करा असं साहेब सरळ बोलले नाहीत. ते मी बोललो. मी बोललो नसतो तर धम्मपालनं चावी फिरवली नसती. ही चूक तुझी नाही. ती माझी आहे, आणि साहेबाची आहे.

सत्यम ऐकत होता. मग तो डाव्या कोपरावर भार देऊन उठून बसला, आणि त्याने उजवा हात मारायला उचलला. पट्ट्यांचा पांढरा गोळा पुंडलिकच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. सत्यमने त्या गोळ्याकडे बघितले. त्या क्षणापर्यंत आपला हात गेल्याचे त्याला बहुधा पटलेले नव्हते.

मग त्याने डावा हात उचलला. पहिली चपराक नीट बसली नाही; डाव्या हाताला सवय नव्हती. दुसरी गालावर बसली. तिसऱ्या चपराकेला फुटलेला ओठ पुन्हा उघडला. पुंडलिक जिथे उभा होता तिथून हलला नाही, आणि त्याने गळ्यातल्या झोळीतला हातही वर घेतला नाही. दारातून हवालदार पुढे आला. आशाबाईंनी त्याला हाताने मागे सारले, आणि आपल्या मुलाला त्यांनी अडवले नाही.